सूर्याचे अनुदान आणि तुलसीनगरची छपरे

१९५६ साली भोपाळ राजधानी झाली आणि ग्वाल्हेर-इंदुराकडील कितीतरी मराठी नोकरदार बिऱ्हाड उचलून तिकडे गेले. तुलसीनगरसारख्या सरकारी वसाहतींत त्यांचे संसार झाले. ज्याचा एखादा काका-मामा भोपाळच्या क्वार्टरात राहिला नाही, असे घर आपल्यात विरळाच. त्या क्वार्टरांच्या छपरांविषयी आज थोडे लिहावयाचे आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'प्रधानमंत्री सूर्यघर' योजना आणली. एक कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपये, असा तिचा पसारा. छपरावर सौर पट्ट्या बसविल्या की पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. ही करसवलत नव्हे. रक्कम सरळ बँकेच्या खात्यात येते. अमेरिकेत रीत निराळी होती. तेथे घरच्या सौरयंत्राच्या, तसेच जमिनीच्या पोटातील उष्णतेवर चालणाऱ्या पंपाच्या खर्चापैकी तीस टक्के आयकरातून वजा होत. ती सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. पण जो कर भरतो त्यालाच असल्या सवलतीचे सुख. तुटपुंज्या पेन्शनीवरच्या वृद्धाला तिचा काय उपयोग? त्या मानाने आपली रीत अधिक न्यायाची, असे मला वाटते.

घोडे पेंड खाते ते पुढेच. या योजनेला छप्पर स्वतःचे लागते आणि तुलसीनगरचे छप्पर सरकारचे! माझे वडील दरबारी गवई होते. नोकरीबरोबर मिळालेल्या घरात खिळा ठोकावयाचा तरी विचारावे लागे, असे ते सांगत. तीच गत येथे.

शिवाय तेथील झाडे. आमदार-मंत्र्यांच्या नव्या बंगल्यांसाठी तुलसीनगर व शिवाजीनगर येथील सुमारे २९,००० झाडांवर कुऱ्हाड येणार होती. लोक रस्त्यावर उतरले, झाडांना मिठ्या मारल्या आणि जून २०२४ मध्ये तो बेत सरकारने सोडला. फार चांगले झाले. मात्र जेथे दाट सावली तेथे सौर पट्टी निम्मीशिम्मीच चालणार. अनुदानाच्या मोहाने कोणी फांद्या छाटू लागला, तर मी त्याच्या बाजूचा नाही.

दिल्लीत २०१९ पासून यावर एक तोड आहे. सौरयंत्र एका जागी आणि त्या विजेची वजावट अनेक घरांच्या बिलांत. तुलसीनगरवासीयांसाठी एखाद्या कचेरीच्या मोकळ्या गच्चीवर असे का होऊ नये? आणि भाडेकरू नोकरदाराला त्यात वाटा का नसावा?

आपल्याकडील वाड्यांची अडचण वेगळी. मीटर अजून आजोबांच्या नावावर, गच्ची चार भावांची, अनुदान मात्र वीजजोडणी ज्याच्या नावे त्याला. तेव्हा कंत्राटदाराला बोलावण्याआधी भाऊबंदांना एकत्र बसवून मीटरचे नाव बदलून घ्यावे. आणि ज्यांचा वापर महिना दीडशे युनिटांच्या आत आहे, त्यांना राज्य सरकार पहिली शंभर युनिटे शंभर रुपयांत देतेच. त्यांनी कर्ज काढण्यापूर्वी वर्षाची बिले काढून हिशेब मांडावा.