‘कोयता’, ‘माता’ आणि ‘स्त्री’

ऊसतोडीच्या हिशेबात ‘कोयता’ हे केवळ हत्याराचे नाव नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर असेल तर तो अर्धा कोयता. मुकादमाच्या वहीत उचल घेणाऱ्या पुरुषाचे नाव असते. जी बाई पहाटेपासून उसाला भिडते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर वाहून गाडी भरते, ती त्या वहीत बाई म्हणून नाही आणि मजूर म्हणूनही नाही. मिरजगावच्या परिसरातून व शेजारच्या आष्टी-पाटोद्याकडून हंगामात बाहेर पडणाऱ्या टोळ्यांची ही रीत सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक असल्यामुळेच बहुधा तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

इंग्रज कवयित्री आणि स्त्रीवादी विचारवंत डेनीज रायली यांचे लेखन आम्हांला या वहीपाशीच आठवते. 1948 साली जन्मलेल्या रायलीबाईंची कविता, विशेषतः पुत्रवियोगानंतरची, इंग्रजी वाचकांत मान्यता पावली आहे. आमच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहेत ते त्यांचे दोन वैचारिक ग्रंथ. 1983 सालच्या पहिल्या ग्रंथात त्यांनी ब्रिटनमधील पाळणाघरांचा इतिहास तपासला. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना स्त्रियांचे हात हवे होते, तेव्हा पाळणाघरे उघडली. युद्ध संपताच ती बंद होत गेली. याचे सारे खापर मानसशास्त्रज्ञांवर फोडणे त्यांना पुरेसे वाटले नाही. ज्या राज्यकारभाराच्या भाषेत ‘माता’ एकीकडे आणि ‘कामगार’ दुसरीकडे ठेवलेली असते, त्या भाषेत कामगार असलेल्या मातेची गरज मांडताच येत नाही, हे त्यांचे खरे निदान होते. पुढे 1988 साली त्यांनी शेक्सपिअरच्या डेस्डिमोनाचा प्रश्न ग्रंथाच्या शीर्षकासाठी घेतला: ते नाव माझेच का? ‘स्त्री’ हे नाव निसर्गाने दिलेले व सर्व काळी एकाच अर्थाचे नसून ते इतिहासात घडत व बदलत आले आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणून ते नाव टाकून द्यावे असे मात्र त्या म्हणत नाहीत. लढ्यासाठी ते वापरावे, पण डोळे उघडे ठेवून.

हा विचार परका मानण्याचे कारण नाही. 1855 साली फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिला. त्यात घरावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या आपल्या समाजातील स्त्रियांचे दुःख आहे. ते पेशव्यांच्या वाड्यातील स्त्रीचे दुःख नव्हते. 1882 साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून साऱ्या पुरुषजातीला जाब विचारला. एकीने नावाच्या आतला भेद दाखविला, दुसरीने नावाची एकजूट. दोन्ही खऱ्या होत्या. 1998 साली शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या वेगळ्या भूमिकेवर इंग्रजीत लेख लिहिला, तोही याच वाटेवरचा.

आता पुन्हा फडाकडे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी 2019 साली राज्य शासनाने केली, तेव्हा पाहणी झालेल्या सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीच्या दिवसांत काम चुकले की खाडा धरला जातो, ही त्यामागची एक वस्तुस्थिती. शरीर स्त्रीचे, हिशेब कोयत्याचा! 2024 साली शासनाने हिलाच ‘लाडकी बहीण’ म्हटले आणि दरमहा दीड हजार रुपये दिले. पैसे तिच्या खात्यात गेले, हे चांगलेच झाले. गरिबाघरी त्याची किंमत आम्ही जाणतो. परंतु बहिणीला ओवाळणी मिळते, मजुरी मागता येत नाही. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्याला चौंडीच्या अहिल्याबाईंचे नाव मिळाले. जिल्ह्याच्या पाटीवर स्त्रीचे नाव लागले, मुकादमाच्या वहीत मात्र ते अद्याप लागायचे आहे.

तेव्हा येत्या हंगामाचे करार होतील त्या वेळी प्रत्येक जोडीतील दोघांची नावे स्वतंत्र लिहिली जावीत, उचल आणि मजुरी दोघांच्या खात्यांत विभागून पडावी, पाळीच्या व बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा धरू नये आणि कोपींच्या प्रत्येक तळावर पाळणाघर असावे. कारखान्यांच्या संचालकांनी याचे उत्तर मुकादमावर न ढकलता स्वतः द्यावे.