विमा मोटारीचा, हानी माणसाची

नोव्हेंबर २०१८ मधील एका संध्याकाळी पुण्याच्या मार्केट यार्डाजवळ रस्त्याच्या कडेला माझी लहानशी मोटार उभी होती. मी समोरच्या दुकानात होतो. भरधाव आलेल्या एका मालवाहू टेम्पोने सायकलवरून घरी निघालेल्या एका हमालाला उडविले आणि तोच टेम्पो माझ्या मोटारीच्या मागच्या अंगावर आदळून थांबला. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच तो हमाल गेला. वय बत्तीस वर्षे. मागे पत्नी, दोन मुले आणि म्हातारी आई.

एकाच टेम्पोने, एकाच क्षणी दोन नुकसाने केली. एक माझ्या मोटारीचे, दुसरे त्या कुटुंबाचे. या दोन्ही नुकसानांचा पुढे विमा कंपन्यांच्या दारात जो प्रवास झाला, तो मी जवळून पाहिला. पहिल्यात मी दावेदार होतो आणि दुसऱ्यात साक्षीदार. अर्थशास्त्र शिकविण्यात उभी हयात घालवूनही विमा या संस्थेचा वर्गीय चेहरा मला पुस्तकांत दिसला नव्हता, तो या प्रवासात दिसला.

माझ्या मोटारीचे सांगतो. दुसऱ्या दिवशी मी माझ्या कंपनीला फोन केला, तिसऱ्या दिवशी सर्वेक्षक गॅरेजमध्ये येऊन छायाचित्रे घेऊन गेला आणि तीन आठवड्यांत मोटार दुरुस्त होऊन दारात उभी राहिली. बंपर प्लास्टिकचा, म्हणून घसाऱ्यापोटी त्याची निम्मी किंमत कापली. शिवाय पॉलिसीत लिहिलेले सक्तीचे हजार रुपये माझ्या माथी आले. या कपातीवरून मी गॅरेजच्या व्यवस्थापकाशी तावातावाने भांडलोसुद्धा. पुढे त्या हमालाच्या पत्नीला न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात बसलेली पाहिली तेव्हा त्या भांडणाची मला लाज वाटली.

येथे कायद्याचा हेतू लक्षात घेतला पाहिजे. मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. आपल्या वाहनाच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे. घ्यायचा तर घ्यावा. दुसऱ्याच्या जीविताला व शरीराला होणाऱ्या इजेचा विमा मात्र सक्तीचा आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या आठव्या प्रकरणाने ही सक्ती आणली व १९४६ पासून ती अमलात आली. कारण उघड होते. धडक देणारा गरीब असला तर मृताच्या कुटुंबाला त्याच्याकडून काहीच मिळायचे नाही; म्हणून सर्व वाहनधारकांनी मिळून एक निधी उभारावा आणि त्यातून बळीला भरपाई मिळावी. म्हणजे सक्तीचा विमा हा मुळात रस्त्यावरून पायी जाणाऱ्याचा आहे, वाहनाच्या मालकाचा नव्हे. पण आज ज्याच्यासाठी सक्ती केली तो वर्षानुवर्षे थांबतो आणि ज्याचा विमा ऐच्छिक तो तीन आठवड्यांत मोकळा होतो.

असे का व्हावे? मी कंपनीचा ग्राहक आहे. पुढच्या वर्षी मी दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकतो, म्हणून ती मला सांभाळते. हमालाची विधवा कोणाचीच ग्राहक नाही. टेम्पोमालकाने हप्ता भरला, कंपनीने तो घेतला. या व्यवहारात तिला स्थानच नाही. बाजारपेठेच्या भाषेत ती केवळ एक देणे आहे, आणि देणे लांबविण्यात देणेकऱ्याचा तोटा नसतो. न्यायाधिकरण अर्जाच्या तारखेपासून सरळ व्याज लावते, चक्रवाढ नव्हे. तोपर्यंत राखीव ठेवलेली रक्कम कंपनीच्या गुंतवणुकीत फिरत राहते. या व्यवसायात तोटाच होतो, असे कंपन्या सांगतात. क्वचित ते खरेही असेल. पण तोटा हप्त्याच्या दराचा असेल तर तो दराने भरून काढावा, विधवेच्या प्रतीक्षेने नव्हे.

त्या खटल्यात कंपनीने पहिली हरकत घेतली ती चालकाच्या परवान्याची. त्याच्याकडे हलक्या वाहनाचा परवाना होता, पण मालवाहू वाहनाची स्वतंत्र नोंद त्यावर नव्हती. साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहनाला अशी वेगळी नोंद लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्येच सांगितले होते. तरीही हा मुद्दा साडेचार वर्षे घासला गेला. पुढे तो मोठ्या पीठाकडे गेला आहे, हे नवे कारण मिळाले. अखेर ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने पूर्वीचाच निर्णय कायम केला. त्या काळच्या कायद्यानुसार दोष कोणाचा हे न पाहता तातडीने द्यावयाचे पन्नास हजार रुपये तिच्या हाती पडायलाही चौदा महिने लागले.

दुसरी हरकत उत्पन्नाची होती, आणि या मुद्द्यापाशी थोडे थांबले पाहिजे. भरपाईचा हिशेब आता बराच ठरीव झाला आहे. २००९ व २०१७ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी तो बसविला आहे. मृताचे वार्षिक उत्पन्न घ्यायचे. वय चाळिशीच्या आत असून नोकरी कायम नसेल तर भावी वाढीपोटी त्यात चाळीस टक्के मिळवायचे. चार ते सहा माणसे अवलंबून असतील तर मृताच्या स्वतःच्या खर्चासाठी एक चतुर्थांश वजा करायचे. आणि उरलेल्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. बत्तिसाव्या वर्षी हा गुणक सोळा आहे.

कंपनीचे वकील म्हणाले, हमाल महिन्याला आठ हजारांहून अधिक मिळवीत असेल याला पुरावा काय? तसे धरले तर भरपाई होते १६ लाख १२ हजार ८०० रुपये. पण हा हमाल माथाडी मंडळात नोंदलेला होता आणि मंडळाच्या दप्तरात त्याची मजुरी महिन्याला बारा हजारांच्या घरात दिसत होती. त्यावरून आकडा झाला २४ लाख १९ हजार २००. चार हजारांच्या एका नोंदीने आठ लाखांचा फरक पडला. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या लढ्यांतून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला मजुरीची हमी दिली, हे आपण नेहमी सांगतो. मेल्यानंतरही तो कायदा त्याच्या बाजूने साक्ष देतो, हे मला त्या दिवशी कळले. घरकामगार स्त्री, बिगारी, फेरीवाला यांच्यासाठी मात्र अशी साक्ष देणारे दप्तर बहुधा नसते.

आता याच सूत्रात हमालाऐवजी बत्तीस वर्षांचा कायम नोकरीतला प्राध्यापक घाला; पगार महिना साठ हजार. कायम नोकरी म्हणून भावी वाढ पन्नास टक्के. प्राप्तिकर वजा करण्यापूर्वीचा आकडा येतो १ कोटी २९ लाख ६० हजार. म्हणजे माझ्या पेशाचा तरुण हमालाच्या पाचपटींहून महाग. कुटुंबाचे बुडालेले उत्पन्न भरून द्यायचे हे सूत्र दिवाणी न्यायाच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. पण सक्तीच्या विम्याचा निधी कोठून येतो? वाहनाच्या प्रकारावरून व इंजिनाच्या क्षमतेवरून ठरलेल्या हप्त्यातून. दूध घालणाऱ्याची मोटारसायकलही त्यात भर घालते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची आणि १९.५ टक्के पादचारी होती. जे भरतात आणि जे मरतात त्यांतला मोठा हिस्सा कष्टकऱ्यांचा, आणि वाटप मात्र पगाराच्या चिठ्ठीप्रमाणे! निदान खालची पातळी तरी सर्वांना सारखी व जगण्यापुरती असावी, ही मागणी अवास्तव नाही.

त्या पातळीचा इतिहास शोचनीय आहे. १९८२ च्या दुरुस्तीने प्रथमच दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी पंधरा हजार रुपये देऊ केले. १९९४ मध्ये न कमावणाऱ्या व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न पंधरा हजार धरावे, असे परिशिष्ट आले, आणि महागाई कितीही वाढली तरी २०१८ पर्यंत, चोवीस वर्षे, कागदावर तो आकडा तसाच राहिला. २०१८ मध्ये मृत्यूसाठी पाच लाख रुपये ठरले व दरवर्षी पाच टक्के वाढीची सोय झाली. पण २०१९ चा दुरुस्ती कायदा एप्रिल २०२२ पासून अमलात आला, त्यात पाच लाख राहिले आणि वाढीची सोय गळाली. महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडून घेण्यासाठी कामगार संघटनांनी किती संप केले! या पाच लाखांसाठी कोणी एक मोर्चाही काढला नाही, कारण अपघातात मेलेल्यांची संघटना नसते.

येथे काही मित्र म्हणतील की हा सारा खाजगीकरणाचा परिणाम आहे. १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचे आणि १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १०७ कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. २००० पासून पुन्हा खाजगी कंपन्यांना दार उघडले आणि २०२१ मध्ये परकीय भांडवलाची मर्यादा ७४ टक्क्यांपर्यंत नेली. याला आपला विरोध होता व असला पाहिजे. पण प्रामाणिकपणे कबूल करू या की सरकारी मक्तेदारीच्या काळातही विधवांना उच्च न्यायालयापर्यंत खेचले जातच होते. राष्ट्रीयीकरणाने मालक बदलला, वकिलांचे पॅनेल बदलले नाही. १९७९ मध्ये तर हरियाणा सरकारने एका अपघातग्रस्ताच्या निर्धन विधवेकडून पूर्ण कोर्ट फी घेतली जावी म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली, आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या सरकारला कठोर शब्दांत सुनावले. आपल्याकडे भरपाई थकली म्हणून एसटीची गाडी जप्त करायला बेलीफ आगारात गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेतच.

म्हणून कायदेमंडळाची वाट न पाहता आपल्या तालुका पातळीवरील कार्यकर्त्यांना आज करता येण्यासारखे पुष्कळ आहे. अपघात झाला की आपण रुग्णालयात धावतो, रक्त देतो, अंत्यविधीला जातो आणि तेथे थांबतो. कंपनीचे काम त्यानंतर सुरू होते. नव्या कायद्याप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा आहे आणि तो अहवाल हाच अर्ज मानता येतो. पण ठाण्यात कोणी विचारणाराच नसेल तर तो धूळ खातो. प्रथम माहिती अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वाहनाची नोंदणी, विम्याचे प्रमाणपत्र व चालकाचा परवाना यांच्या प्रती पहिल्या महिन्यातच हाती घ्याव्यात. दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत पुन्हा घालण्यात आली आहे. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले असले तरी त्याच्या भरवशावर राहू नये. दावा अपघाताच्याच जिल्ह्यात लावला पाहिजे असेही नाही. राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही तो लावता येतो. कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या मजुराच्या घरच्यांना हे कोणी सांगतच नाही.

ऊसतोडीवरून आणखी एक गोष्ट आठवते. मालाच्या वाहनातून फुकट नेलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून फडावर जाणारी कुटुंबे, टेम्पोतून जाणारे वऱ्हाड यांना हा निर्णय फार जाचतो. काही खटल्यांत न्यायालयांनी कंपनीने आधी पैसे भरावेत व मग मालकाकडून वसूल करावेत, असा मार्ग काढला आहे. पण तो हक्क नव्हे, कृपा. ज्या गावाला बस नाही तेथली माणसे ट्रॉलीत बसतात ती हौसेने नव्हे.

आणि दलालांपासून सावध राहावे. रुग्णालयाच्या दारात कोऱ्या कागदावर सही घेणारे, मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागणारे पुष्कळ भेटतात. दाव्याच्या रकमेत हिस्सा ठरवून घेणे वकिलालाही बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. आता कंपनीच्या अधिकाऱ्याने तीस दिवसांत तडजोडीचा देकार द्यावा, असेही कायदा सांगतो. देकार जरूर ऐकावा, पण वर दिलेला गुणाकार आपण स्वतः करून पाहिल्याशिवाय अंगठा उमटवू देऊ नये. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नसते.

त्या हमालाच्या दाव्याचा निकाल मार्च २०२३ मध्ये लागला. माथाडी मंडळाची नोंद मान्य झाली. कंपनी उच्च न्यायालयात गेली. स्थगितीसाठी न्यायालयाने तिला रक्कम भरायला लावली व त्यातला काही भाग कुटुंबाला काढू दिला. मुलांचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत आहे. परवान्याचा मुद्दा घटनापीठाने संपविला, तरी उत्पन्नात मिळवलेल्या भावी वाढीवर कंपनीची हरकत शिल्लक आहे. त्यांची आई दर तीन महिन्यांनी व्याज काढायला येते तेव्हा वाटेत माझ्याकडे डोकावते आणि अपिलाचे काय झाले ते विचारते. मला अजून तिला तारीख सांगता आलेली नाही.