पाठ कुणाची वाकते?

आपल्याकडे घरापुढे हिरवळ असणे ही मालकाच्या प्रतिष्ठेची गोष्ट झाली. ती हिरवळ कापणे मात्र नेहमी दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट राहिली. पावसाळ्यात बेळगावच्या टिळकवाडी-हिंदवाडीपासून थेट खानापूरच्या नव्या वसाहतींपर्यंत कुठेही फिरून या. फाटकाच्या आत उकिडवी बसून, विळा हाती धरून, वीत वीत पुढे सरकणारी एक बाई दिसेल. आणि वऱ्हांड्यात खुर्ची टाकून ‘अक्का, त्या कोपऱ्यात राहिलं बघा,’ असे सांगणारे एक सद्गृहस्थही दिसतील. या सद्गृहस्थांपुढे बॅटरीवर चालणाऱ्या लॉन मोअरचा विषय काढावा, तर दोनपैकी एक उत्तर ठरलेले. एक, ‘विळा काय वाईट आहे? वाडवडिलांनी कुठे यंत्रे आणली होती?’ दुसरे, ‘घ्यायचेच तर मोठे, दणकट घेऊ, चार लोकांनी बघितले पाहिजे.’ ही दोन्ही उत्तरे मला सारखीच चुकीची वाटतात. दिवाळी अंकात यंत्राची चर्चा कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी खुशाल पुढच्या कथेकडे वळावे. ज्यांच्या परड्यात गवत आहे त्यांनी थांबावे.

विळ्याची थोरवी गाणाऱ्यांना मी एकच विचारतो : आपण स्वतः विळा शेवटचा कधी धरला होता? पाजवलेला विळा कसा सर्रकन चालतो, ताज्या कापल्या गवताचा वास कसा दरवळतो, हे सारे खरे आहे. पण तो वास घेणारे नाक आणि वाकणारी पाठ एकाच देहाची नसते. तिशीत गवताला बसलेली बाई पन्नाशीत गुडघे धरून जिना चढते, हे आपण सगळेच पाहतो आणि त्याला ‘वय झालं’ असे सोयीचे नाव देतो.

शिवाय विळ्याने कापताना डावा हात गवताची मूठ धरायला आत जातो. तो कशावर पडणार हे दिसत नाही. आपल्या भागात घोणस आहे, मण्यार आहे, नाग आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिला आहे; त्यांतले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. हे सगळे बंगल्यांच्या अंगणात घडले असे मी म्हणत नाही, बहुतेक खेड्यापाड्यांत घडले. पण पावसाळ्यात दाट गवतात उघडा हात घालणे म्हणजे काय, ते यावरून समजावे. मोअर नियमाने फिरवला तर गवत घोट्याच्या वर जातच नाही आणि हात आत घालायची पाळीच येत नाही. जाता जाता हेही लिहितो, की श्रमदानाच्या गोंडस नावाखाली शाळेतल्या पोरांना गवत उपटायला बसवण्याची जी चाल अजून काही पटांगणांवर आहे, ती ताबडतोब बंद झाली पाहिजे.

आता यंत्राकडे वळू. हे यंत्र काही कालपरवाचे नाही. इंग्लंडातल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग याने १८३० साली पहिल्या मोअरचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरची लव कातरणारे गिरणीतले यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. तेव्हापासून गोल फिरणाऱ्या पात्यांचा, हाताने ढकलायचा मोअर चालत आला आहे. ज्यांची हिरवळ दोनशे चौरस फुटांच्या आत आहे, जमीन सपाट आहे आणि अंगात थोडी ताकद आहे, त्यांनी बॅटरीच्या फंदात न पडता हाच घ्यावा. (हिरवळ म्हणजे तरी काय? नर्सरीत ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणून चौरस फुटावर विकतात ती आपली हरळी. शेतकरी जिला शिव्या घालतो, कन्नड शेजारी जिला गरिके म्हणतात आणि जिच्या एकवीस जुड्या आपण गणपतीला वाहतो, तीच ही.)

पेट्रोलच्या मोअरबद्दल फार लिहीत नाही. दोरी ओढून खांदा निखळतो, आवाजाने गल्ली जागी होते आणि धूर चालवणाऱ्याच्या नाकात जातो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२१ साली कायदा करून अशा लहान इंजिनांच्या नव्या यंत्रांची विक्री २०२४ पासून थांबवण्याचा मार्ग धरला, तो उगाच नाही. वायरचा मोअर स्वस्त मिळतो, पण ओले गवत, जमिनीवर लोळणारी वायर आणि तिच्या शेजारी गरगरणारे पाते हे त्रिकूट मला माझ्या वैऱ्याच्याही अंगणात नको. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी निदान ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय त्याला हात लावू नये.

राहिला बॅटरीचा. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ साली आणि तिच्या शोधाबद्दल तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. इतकी थोर वस्तू, पण दुकानात ती विकली जाते ती निव्वळ आकड्यांची धूळफेक करून. ‘२० व्होल्ट’ असे ठळक छापलेले खोके आणि ‘१८ व्होल्ट’ छापलेले खोके शेजारी ठेवले, तर आपण वीसचे उचलतो. दोहोंच्या पोटात पाचपाच घट एकापुढे एक जोडलेले असतात. काठोकाठ भरलेला घट ४ व्होल्टांच्या किंचित वर असतो, पाचांचे झाले वीस. वापरात तो सरासरी ३.६ वर राहतो, पाचांचे झाले अठरा. पोळी एकच; कुणी ती तव्यावर फुगलेली असताना मोजली, कुणी ताटात पडल्यावर. ‘४० व्होल्ट’ आणि ‘३६ व्होल्ट’ यांचेही हेच.

खरे मोजायचे ते निराळे. व्होल्ट म्हणजे गच्चीवरच्या टाकीची उंची आणि अँपिअर-तास म्हणजे टाकीतले पाणी, असे समजा. दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट-तास, आणि गवत कापते ते वॅट-तास. ३६ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर-तास म्हणजे १४४ वॅट-तास. मोटर सरासरी ४०० वॅट ओढते असे धरले, तर ही बॅटरी एकवीस मिनिटे पुरेल. एकवीसच मिनिटे? असे म्हणून नाक मुरडण्यापूर्वी पुढचा हिशेब करा. ३३ सेंटिमीटर पात्याचा मोअर घेऊन ताशी तीन किलोमीटरने चाललात, तर मिनिटाला ५० मीटर होतात. पट्ट्यावर पट्टा थोडा चढवावा लागतो, म्हणून रुंदी २८ धरा. मिनिटाला १४ चौरस मीटर झाले. वळणे, थांबणे, गवताची पेटी रिती करणे यांत निम्मा वेळ जातो, म्हणून ७ धरा. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. गुंठाभर हिरवळ पंधरा मिनिटांत झाली! आणि चाळीस बाय साठच्या आपल्या प्लॉटवर घर, गाडीची जागा, बोअर, माड, कढीलिंब आणि तुळस सोडून हिरवळीला उरते किती? पाचशे चौरस फूट उरले तर नशीब. ते काम सात मिनिटांचे. त्यासाठी ४६ सेंटिमीटर पात्याचे धूड आणणारा मनुष्य गवतासाठी यंत्र घेत नाही, शेजाऱ्यासाठी घेतो. आणि पुढे ते धूड फाटकाशेजारच्या अरुंद बोळातून मागच्या परड्यात जातच नाही, ते वेगळेच. विजेचे म्हणाल, तर एका युनिटात अशी बॅटरी पाच-सहा वेळा भरते.

श्रावणात मात्र हा हिशेब अर्धा करून घ्यावा. आपल्याकडचा पाऊस, त्यात माजलेले दाट आणि ओलसर गवत. मोटर अडखळते आणि दुप्पट वीज खाते. ओले असताना चालवूच नये. उघडीप पडली, गवतावरचे पाणी सुकले, की लगेच फिरवावा. बटण दाबताच सुरू होणे हा बॅटरीचा मोठा गुण इथे कामाला येतो. एका खेपेस गवताच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापू नये, नाहीतर हिरवळ पिवळी होते. आणि गुडघाभर माजू दिलेत तर कुठलाही मोअर हात टेकेल. तिथे आधी लांब दांड्याचा ग्रास कटरच हवा.

म्हणून सांगतो, मोअर निवडू नका, आधी बॅटरी निवडा. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्रात बसत नाही आणि किमतीतला मोठा हिस्सा तिचाच असतो. तीच बॅटरी त्या कंपनीच्या ग्रास कटरला, ड्रिलला बसते का ते पाहा. कार्बन ब्रश नसलेली मोटर असेल तर दोन पैसे जास्त द्या. तेवढ्याच बॅटरीत ती अधिक चालते. दुरुस्तीला यंत्र पुण्याला जाणार की बेंगळुरूला, हे पैसे देण्यापूर्वी विचारा, कारण लिथियमची बॅटरी धोक्याच्या मालात मोडते आणि कुरिअरवाले ती घ्यायला कां-कूं करतात. बॅटरी मेल्यावर परत कोण घेणार, हेही विचारा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे; दुकानदाराने खांदे उडवले तर हा नियम त्याला ऐकवा.

आता मुख्य मुद्दा. यंत्र आले की अक्काची मजुरी गेली, असा कळवळा विळ्याचे भक्त हमखास काढतात. हा कळवळा तिची मजुरी ठरवताना कुठे असतो? माझे म्हणणे सरळ आहे : यंत्र घ्या, ते अक्काच्या हाती द्या आणि पैसे तासावर न देता कामावर द्या. अर्ध्या दिवसाचे काम अर्ध्या तासात झाले म्हणून दाम अर्धा करू नका. यंत्राने वाचलेला वेळ तिचा असू द्या. त्या वेळात ती आणखी दोन अंगणे करील. ‘बाईमाणसाला ते जमायचे नाही’ म्हणणाऱ्यांना सांगतो, आमच्या शाळेत मोअर आला तेव्हा गवताला येणाऱ्या अक्कांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘सर, ह्येच्या पात्याला धार कुणी लावायची?’ हा प्रश्न आमच्यापैकी एकाही पदवीधराला सुचला नव्हता. बोथट पाते गवत कापत नाही, फाडते. शेंडे तपकिरी पडतात. विळा धरलेल्या हाताला हे शिकवावे लागत नाही.

शिकवावे लागते ते धोक्याचे. ३३ सेंटिमीटरचे पाते मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे १८५ किलोमीटर होतो. खडा उडाला तर गोफणीतून सुटल्यासारखा जातो. आणि ही सावधगिरी सांगणारे पुस्तक खोक्यात निघाले ते इंग्रजीत! इथे दुकानाच्या पाटीवर कुठली अक्षरे वर आणि कुठली खाली, यावर आपण सारे गाव डोक्यावर घेतो; पण जे यंत्र बोटे तोडू शकते त्याच्यावर चालवणाऱ्या बाईला वाचता येईल असे एक अक्षर नाही, याचे कुणालाच काही वाटत नाही. आमच्या दहावीच्या मुलांनी एका पुठ्ठ्यावर मराठीत आणि कन्नडात पाच ओळी लिहून तो मोअरच्या दांड्याला बांधला. आधी खडे वेचा. पायांत बूट घाला, चप्पल नको. मूल जवळ असेल तर यंत्र बंद. गवत अडकले तर आधी बॅटरी काढा, मगच हात घाला. ओल्यात चालवू नका. कन्नड ओळी शेजारच्या शाळेतल्या कन्नडच्या बाईंनी तपासून दिल्या आणि त्यांच्या शाळेसाठी एक पुठ्ठा मागून नेला.

एकट्याला यंत्र परवडत नसेल तर चार घरांनी भिशी काढावी. मराठी, कन्नड, कोकणी, कुठलेही घर चालेल. गवत चौघांचे सारखेच वाढते. यंत्र एक, बॅटऱ्या दोन, आठवड्याचे वार ठरलेले आणि अक्का चारही घरांची एकच, म्हणजे तिला महिनाभराच्या कामाची खात्री. बॅटरी उन्हात किंवा गॅरेजच्या पत्र्याखाली ठेवू नये. पावसाळा संपल्यावर यंत्र महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर ती निम्मी भरून ठेवावी. आणि चार्जर ज्यांच्या भिंतींना ओल येत नाही, त्यांच्या घरी.