‘हाताला सैल लागलं’ म्हणजे नेमकं किती?

गेल्या वर्षी माझा एक जुना पेशंट लंगडत आला. वय चाळिशीतलं. खुब्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊन आठ महिने झाले होते आणि दुखणं परत सुरू झालं होतं. आत काय केलं, असं मी विचारलं. “लॅब्रम हाताला सैल लागलं म्हणून थोडं कापलं, असं सर म्हणाले.” डिस्चार्ज कार्डावर मात्र शस्त्रक्रियेच्या नावापलीकडे काही नव्हतं. किती सैल होतं, कुठे होतं, किती कापलं, कॅप्सूल शिवली की नाही, काहीच नाही. दुसऱ्या सर्जनकडे पाठवलं, तर तेही अंधारातच!

आत काय होतं?

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. वाटीच्या काठावर लॅब्रम नावाची लवचिक कड असते. कुकरची रिंग जशी वाफ अडवते, तशी ही कड सांध्यातला वंगणासारखा द्रव आत धरून ठेवते. या सगळ्याभोवती कॅप्सूल, म्हणजे जाड, बळकट पिशवी.

शस्त्रक्रियेत पाय ओढून गोळा आणि वाटी यांच्यात साधारण एक सेंटीमीटर फट करतात आणि कॅप्सूलला छेद देऊन काम करतात. मग प्रोब, म्हणजे टोकाला वाकवलेली बारीक सळई, लॅब्रमला लावून ढकलून-ओढून पाहतात. ते किती विरोध करतं, किती सहज उचललं जातं, हे पाहून ठरतं की टाके घालायचे, कापायचं, की तसंच ठेवायचं. कॅप्सूल किती ढिली आहे याचा अंदाजही बराचसा असाच, हाताने.

आता विचार करा. प्रत्येक सर्जनचा हात वेगळा. प्रोबचा कोन बदलला, पायावरचा ताण कमी-जास्त झाला, की हाताला लागणारा विरोधही बदलतो. एकाचं ‘सैल’ दुसऱ्याचं ‘ठीक आहे’ असू शकतं. आणि कापलेलं लॅब्रम पुन्हा जागेवर येत नाही.

“अनुभवी हाताला आकडा कशाला?”

हा युक्तिवाद माझ्या क्षेत्रात जुना आहे. पूर्वी डॉक्टर नाडी बोटाने दाबून ‘कडक आहे’, ‘मऊ आहे’ असं सांगत. १८९६ साली इटलीत रिव्हा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधून प्रेशर मोजण्याचं यंत्र आणलं. १९०५ मध्ये कोरोत्कॉफ यांनी स्टेथोस्कोप लावून ऐकण्याची पद्धत दिली. आज मी तुम्हाला म्हटलं, “नाडी कडक लागतेय, जन्मभर गोळी घ्या,” तर तुम्ही चप्पल घालून दुसरा डॉक्टर गाठाल. योग्यच कराल!

अनुभव खरा असतो, त्याबद्दल मला आदर आहे. पण जो अनुभव लिहिता येत नाही, तो तपासता येत नाही आणि शिकाऊ डॉक्टरला नीट शिकवताही येत नाही.

मोजणं अशक्य आहे, असंही नाही. टोकावर येणारं बल मोजणारे प्रोब संशोधकांनी बनवले आहेत आणि मृतदेहांच्या खुब्यांवर वापरून पाहिले आहेत. अखंड, कापलेलं आणि टाके घातलेलं लॅब्रम किती विरोध करतं, हे न्यूटनमध्ये सांगता येतं. मग ऑपरेशन थिएटरमध्ये अजून ‘हाताला लागलं’ यावरच का भागवायचं?

पण आकड्यालाही भुलू नका

अमुक आकड्याखाली टाके घाला, अशी सर्वमान्य रेषा अजून नाही. त्यासाठी आधी मोजावं लागेल, लिहावं लागेल आणि पेशंट पुढे कसे राहिले याच्याशी ते जुळवावं लागेल. त्यामुळे उद्या कोणी ‘सेन्सर पॅकेज’ म्हणून जादा बिल लावलं, तर सावध व्हा.

शिवाय फाटलेलं लॅब्रम म्हणजे ऑपरेशन, असं समीकरण नाही. २०१२ च्या एका अभ्यासात खुबा अजिबात न दुखणाऱ्या ४५ जणांचा एमआरआय काढला, तर ६९ टक्के जणांचं लॅब्रम फाटलेलं दिसलं. ब्रिटनमध्ये हाडं एकमेकांवर घासून खुबा दुखणाऱ्या ३४८ पेशंटवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. वर्षभरानंतर शस्त्रक्रियेचा गट फिजिओथेरपीच्या गटापेक्षा पुढे होता, पण फरक माफक होता. व्यायामाने सुधारणा दोन्हीकडे बघण्याआधी सुरी धरण्याची घाई नको.

शस्त्रक्रियेआधी एवढं विचारा

• नीट फिजिओथेरपी करून झाली का?
• लॅब्रम शिवायचं की कापायचं, हे आत गेल्यावर कशावरून ठरवाल?
• कॅप्सूल परत शिवणार का?
• काय आढळलं आणि काय केलं, हे सविस्तर लिहून मिळेल का? व्हिडिओची प्रत मिळेल का?

चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. आणि मोजायचं यंत्र नसलं, तरी लिहायला पेन पुरतं. माझ्या पेशंटच्या कार्डावर चार ओळी जास्त असत्या, तर पुढच्या डॉक्टरला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली नसती.