कांबळी वाटली, पुढे काय?

जामनेरला निर्वासित कोठून येणार, असे आम्हांस विचारले जाते. कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी तरी पोलिश माणसे कोणाला अपेक्षित होती? सोव्हिएत राजवटीने सायबेरियाकडे हाकललेल्यांपैकी सुमारे ५,००० जण, बहुतांशी स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात तेथे राहिले. त्यांना नुसते अन्न मिळाले नाही. प्रार्थनामंदिर मिळाले, स्वभाषेतील शाळा मिळाल्या. ते कॅथलिक होते, संस्थान हिंदू राजाचे होते.

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी युरोपातील प्रत्येक धर्मग्रामाला एक निर्वासित कुटुंब आसऱ्यास घेण्याचे आवाहन केले. एकच कुटुंब!

आमच्याकडे सातपुड्यातून शेतमजुरीला उतरणारी पावरा कुटुंबे येतात. ती निर्वासित नव्हेत, परकी मात्र खरी. नाताळात आम्ही त्यांना कांबळी वाटतो, छायाचित्र काढतो, परततो. मुलाचे नाव शाळेत घालायला, बाळंतिणीसोबत दवाखान्यात जायला कोण थांबतो? ‘ते आपले नाहीत,’ असे मिस्सानंतर अंगणात आम्ही ऐकले आहे. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात परक्याला त्याचा धर्म विचारलेला नाही.

जूनमध्ये शाळा उघडेल. पालांवरची मुले बोट धरून नेणारी चार माणसे आम्हांस हवीत, देणगी नको.