युरिया सेंद्रिय की रासायनिक?



बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने विचारले आहे, "आमच्या पुस्तकात युरियाला सेंद्रिय संयुग म्हटले आहे. वडील म्हणतात, ते रासायनिक खत. खरे कोणाचे?"

दोघांचेही खरे. शेतकरी शेणखत, कंपोस्ट, पेंड यांना सेंद्रिय म्हणतो. रसायनशास्त्रात मात्र कार्बनच्या बहुतेक संयुगांना सेंद्रिय म्हणतात. युरियाच्या रेणूत मध्ये कार्बन, त्याला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन आणि दोन अमिनो गट असतात. गुरांच्या मुतात युरिया असतोच. अशी संयुगे सजीवांच्या शरीरातच होतात, असा पूर्वी समज होता. १८२८ साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख व्होलर यांनी अमोनियम सायनेटपासून प्रयोगशाळेत युरिया तयार केला. दोन्हींत अणू तेच आणि तितकेच. फक्त मांडणी बदलली. आज कारखान्यात तो अमोनिया व कार्बन डायऑक्साइडपासून करतात, म्हणून शेतकऱ्याच्या लेखी ते रासायनिक खत.

परीक्षेला एवढे पुरे. शेतकऱ्याने पुढचेही जाणावे. मातीतील जिवाणूंचे युरिएज नावाचे विकर पाण्याच्या साहाय्याने हा रेणू फोडते आणि अमोनिया तयार होतो. खत ओल्या मातीआड असेल तर तो मातीत धरला जातो. वरच पडून राहिले तर हवेत उडतो. चुनखडीच्या जमिनीत अधिकच. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २० किलो नत्र असते. त्यातले उडाले ते आपलेच पैसे. म्हणून युरिया खुरपणीनंतर, जमिनीत ओल असताना, हप्त्याहप्त्याने द्यावा व लगेच मातीआड करावा. त्यात चुना किंवा राख मिसळू नये.

हीच क्रिया जनावराच्या पोटातही होते आणि तिथे ती जिवावर बेतते. युरिया जास्त गेला तर अमोनिया रक्तात भिनतो, पोट फुगते, झटके येतात आणि जनावर काही तासांतच दगावू शकते. म्हणून खताची बादली धुतलेले पाणी गुरांच्या हौदाजवळ ओतू नका. युरियाची गोणी मिठाशेजारी किंवा गोठ्यात ठेवू नका. शंका आली तर घरगुती उपायात वेळ न दवडता पशुवैद्यकाला बोलवा.

आता मुलीला एक गणित. युरियाचा रेणूभार ६०, त्यात नत्र २८. शेकडा किती, ते काढ आणि वडिलांना गोणीवरचा नत्राचा आकडा वाचायला सांग. उत्तर जवळपास जुळेल, आणि घरातला वादही मिटेल.