गच्चीवर पत्रा घालण्याआधी



दसरा झाला आणि सांगलीत ज्या गल्लीत जावं तिथं वाळूचा ढीग दिसायला लागला. पाऊस थांबला, दिवाळी तोंडावर, त्यामुळे ज्याला त्याला घर नवं करून हवंय. करावं की. चार पैसे हातात आले तर जुनी फरशी काढावी, ओल धरलेल्या भिंतीला गिलावा करावा, यात वाईट काय? माझं भांडण घर नवं करण्याशी नाही. सगळीकडे जो एकच नकाशा चाललाय त्याच्याशी आहे. गच्चीवर पत्रा, परसात पेव्हिंग ब्लॉक, स्वयंपाकघरात प्लायवूडच्या ट्रॉल्या आणि माळा तोडून तिथं पीओपी. हा नकाशा ज्यानं काढला त्यानं घरात धान्य असतं हे गृहीतच धरलेलं नाही. आणि आपण श्राविका म्हणवणाऱ्या बायका त्याला मान डोलावतो.

धान्याचं आणि धर्माचं काय नातं, असं कुणी विचारेल. पिठाची मर्यादा आठवा. पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. कार्तिकाची अष्टान्हिका आली की आपण हिवाळ्याची मर्यादा धरतो. म्हणजे वर्षातल्या कुठल्याही ऋतूत आठवडाभरापेक्षा जुनं पीठ चालत नाही. पिशवीतलं आयतं पीठ कधी दळलं, कुठं दळलं, कुणास ठाऊक. मर्यादा पाळायची तर घरात दाणा हवा. दाणा ठेवायचा तर तो कोरडा हवा, आणि कोरडा करायला ऊन हवं. उन्हाची जागाच आपण पत्र्याखाली घातली, तर ही मर्यादा पाळायची कशी, हे त्या इंटीरियरवाल्याला नाही, स्वतःला विचारा.

आश्विनातलं ऊन फुकटचं नाही. आपल्या भागात शाळू माघ-फाल्गुनात निघतो. ऑक्टोबरपर्यंत त्यानं सगळा पावसाळा पोत्यात काढलेला असतो. तेवढ्यात शेतातून भुईमूग, मूग, उडीद, सोयाबीन येतं. माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं, तिथं याच दिवसांत वाघ्या घेवडा येतो, तोच ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दाण्यावर वाघासारखे पट्टे. हा ताजा माल दिसायला वाळलेला असतो, पण आत ओल असते. दाताखाली दाणा कट्‌कन तुटला तर वाळला, दबला तर नाही. आजीची ही परीक्षा अजून कुठल्या यंत्रानं माझ्यापुरती तरी रद्द केलेली नाही.

आता मुद्द्याचं. कडधान्यातला भुंगा घरातच होतो असं नाही. बऱ्याचदा तो शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि दाण्याबरोबर आपल्या घरी येतो. ओल आणि ऊब मिळाली की महिन्याभरात पोतं फिरतं. म्हणून वेळ महत्त्वाची. माल घरात आल्या आल्या दोन-तीन दुपारी कडक ऊन द्यायचं, संध्याकाळी सावलीत पसरून गार करायचं आणि मगच डब्यात भरायचं. गरम भरलं तर झाकणाला वाफ धरते आणि केलेलं सगळं वाया. कडधान्याला एरंडेलाचा हात फिरवला की मादी अंडी घालायला धजत नाही. मुगाची, तुरीची डाळ करून ठेवली तर तिला अख्ख्या दाण्यापेक्षा भुंगा कमी लागतो.

पण एकदा का किडा झाला, की ते धान्य उन्हात टाकणं आपल्याला चालत नाही. हे आजकाल पोरींना कुणी सांगत नाही. ‘किडे झालेत, गच्चीवर पसरून दे’ हे अगदी सहज बोललं जातं. किडलेलं धान्य सावलीत चाळायचं, सोधायचं, जीव अलगद बाजूला, सावलीतच सोडायचे. म्हणजे ऊन द्यायचं ते किडा मारायला नाही, किडा होऊच नये म्हणून. हाच तर यत्नाचार. ज्या घराला आश्विनात उघडी गच्ची आहे त्या घराला मार्गशीर्षात ही पंचाईत पडत नाही.

आणि ज्या घराला नाही, तिथं काय होतं? तिथं गोळी येते.

होय, त्या गोळीबद्दलच बोलतेय, जी कापडात बांधून धान्याच्या कणगीत टाकतात. अॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो किड्याला मारतो, तसा माणसालाही मारतो, आणि त्यावर नेमका असा उतारा वैद्यकशास्त्राकडे नाही. ती गोदामात, जाणत्या माणसांनी वापरायची वस्तू आहे, निजायच्या खोलीतल्या दिवाणाखाली ठेवायची नव्हे. बंद खोलीत या गोळीनं घरची माणसं दगावल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. तरी ‘दुकानदारानं दिली’ म्हणून ती येते. नळाला गाळणं बांधणाऱ्या, गाळून उरलेले जीव पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या, रात्री दिव्यावर येणाऱ्या किड्यासाठी चौविहार पाळणाऱ्या घरात येते. पर्युषणात दहा दिवस उत्तम क्षमा, उत्तम संयम ऐकायचं आणि घरी येऊन डब्याचं झाकण लावायचं, आत हजारभर जीव गुदमरतायत. मला हे बोलायला आवडत नाही, पण कुणीतरी बोलायला हवं.

हवाबंद साठवण आपल्याला नवी नाही. हरिपूरची हळदीची पेवं सगळ्या देशाला माहीत होती. जमिनीत खणलेली, तोंड लिंपलेली, आत हवा नाही त्यामुळे कीड नाही. पण पेवात जाणारी हळद आधी शिजवून उन्हात खडखडीत वाळवलेली असायची. २००५ च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरलं आणि तो कारभार आटला. घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी हे आपलं छोटं पेवच. फक्त आत जाणारा दाणा कोरडा हवा.

पुराचं नाव निघालंच आहे तर माळ्याबद्दल. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पन्नाशी ओलांडली. ज्यांच्या जुन्या घरात माळा होता त्यांची निदान शेवटची दोन पोती वर चढली. प्लायवूडच्या ट्रॉल्या फुगून दारं बंद होईनात, आणि पाणी उतरल्यावर आतून जो वास सुटला तो ज्यांनी घेतलाय त्यांना वर्णन नको. त्याच घरांत आज पुन्हा तळमजल्यावर प्लायवूड बसतंय आणि वर जिथं माळा होता तिथं खोटं छत, त्यात बारा दिवे. बारा दिवे कशाला लागतात स्वयंपाकघरात, सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या माणसांना?

‘गच्ची गळते म्हणून पत्रा घालतो’ हे खरं आहे, गळकी गच्ची मीही सोसली आहे. पण गळती थांबवायला वॉटरप्रूफिंग असतं. अगदीच पत्रा हवा तर निम्म्या गच्चीवर घाला, दक्षिणेची बाजू मोकळी सोडा. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा ऊन त्या बाजूनं येतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथं गच्ची आहे पण किल्ली चेअरमनकडे. ती मागा. चार जणी मिळून मागितली की मिळते.

‘आता दोघं-तिघं माणसं, पोतं कशाला?’ हेही मला मान्य आहे. मग महिन्याचं पाच किलो आणा, सोधून वापरा. कमी साठवणं हा अपरिग्रहच झाला. माझं म्हणणं त्यांच्याशी आहे ज्यांना शेतातलं वर्षाचं धान्य घरात हवंय, पण त्याला लागणारी जागा नको.

आणि ‘नोकरी करणाऱ्या सुनेनं हे कधी करायचं?’ तिनं एकटीनं का करायचं? पोतं गच्चीवर चढवायला घरात दोन पुरुष असतात. दुपारी हात फिरवायला सासरे असतात, ते नाहीतरी तिथंच खुर्ची टाकून पेपर वाचतात. सोधायला सगळ्यांनी बसावं. आमच्याकडे बसतात.

परसाबद्दल थोडकंच. ब्लॉक घातले की चिखल होत नाही, खरं. पण कढीलिंब गेला, दोडक्याचा वेल गेला, आणि ब्लॉकच्या फटीतलं गवत मारायला तणनाशक आलं. चिखलाला एक फरशीची वाट पुरते. बाकी माती उघडी राहू द्या. चातुर्मासात ती खणू नका, तिच्यात जीव फार असतो. दिवाळीनंतर हलकी उकरून वाल, घेवडा, मेथी लावा. बी ठेवायचं तर राखेत.

ज्यांच्या घरी या आठवड्यात मिस्त्री येणार आहे त्यांनी नकाशावर सही करण्याआधी एकदा भर दुपारी बारा वाजता गच्चीवर जाऊन बघा, ऊन कुठं कुठं पडतं. तेवढ्या जागेवर खडूनं रेघ मारा आणि मिस्त्रीला दाखवा.